डावी चप्पल अक्काकडे: कोल्हापूर ते आंबोली, बिनक्लचच्या गाडीतून

अण्णांनी गाडीची किल्ली देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, तिथून ही सहल सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. कसबा बावड्यात आम्ही दोघंच राहतो. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या गुडघ्याची वाटी बदलली. काही महिन्यांनी डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली आणि अण्णा लगेच बाहेर पडले. ताराराणी चौकातल्या सिग्नलला क्लच दाबून उभे असताना पाय थरथरायला लागला, क्लचवरून सटकला आणि गाडीनं उडी घेऊन पुढच्या रिक्षाला धडक दिली. जोरात नाही, नुसती टेकली. रिक्षावाला उतरला, अण्णांकडं बघितलं आणि "जावा काका, सावकाश" म्हणून परत जाऊन बसला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हातारा म्हणून सोडून दिलं, हे अण्णांना लागलं. त्या दिवशी किल्ली देव्हाऱ्यात गेली आणि ते दूध आणायलाही चालत जायला लागले.

गाडी अंगणात धूळ खात होती. गडमुडशिंगीचे एक ओळखीचे गृहस्थ ती विकत मागत होते. अण्णा त्यांना हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते.

दुसरीकडं गडहिंग्लजला अक्का होती. अक्का ही अण्णांची थोरली बहीण. आमच्याकडं घरात अर्धं कन्नड चालतं, त्यामुळं मीही तिला आत्या न म्हणता अक्काच म्हणते आणि ती अण्णांना अजून तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, अशी हाक मारते. तिचं घर हिरण्यकेशी नदीच्या काठावर. दर थंडीत अण्णा तिला गाडीत घालून आंबोलीला न्यायचे, जिथं ती नदी उगम पावते. देवाला नमस्कार, उगमाचं पाणी कळशीत भरायचं आणि परत. गेल्या वर्षी गुडघ्यापायी ते राहिलं. यंदा तिचा फोन आला, "तुजं जमत नसंल तर मी वडापनं जातो." या वयात ती वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जाणार, हे ऐकून अण्णा त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

मी म्हटलं, "अण्णा, ऑटोमॅटिक गाडी बघूया. डाव्या पायाला कामच नसतं."

"गिअर न्हाय, क्लच न्हाय. मग मानसानं करायचं काय त्यात?"

"चालवायची."

"त्याला चालवणं म्हनत न्हाईत. त्याला बसणं म्हनत्यात."

विकत घ्यायचा विषय काढला असता तर अण्णा उठून गेले असते, म्हणून मी तीन दिवसांसाठी भाड्यानं एक ऑटोमॅटिक आणली. कोल्हापुरात अशा गाड्या आता सहज मिळतात. लायसन्स, आधार आणि अनामत रक्कम लागते. घेताना चहूबाजूंनी ओरखड्यांचा व्हिडिओ काढून ठेवा, परत देताना वाद होत नाही. आमची गाडी एएमटी होती. म्हणजे आत गिअरबॉक्स नेहमीचाच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम मशीन करतं. अण्णांना मी एवढंच सांगितलं की मी चालवणार आहे, तुम्ही नुसते चला. माझ्या मनात काय होतं ते त्यांना कळलं नसेल असं नाही.

सकाळी निघालो. कागलपासून पुढं हायवेचं रुंदीकरण चाललंय, जागोजागी वळवलेला रस्ता आणि धूळ, तेव्हा वेळ हातात ठेवून निघा. कोगनोळीचा टोल ओलांडला की पाट्या कन्नड होतात. महाराष्ट्रातून महाराष्ट्रात जायला मधे कर्नाटक लागतं, याचं आम्हाला काही वाटत नाही, पुण्याच्या मित्रमंडळींना मात्र फार गंमत वाटते. निपाणीत चहा घेतला, संकेश्वरला उजवीकडं वळलो. तिथून गडहिंग्लजपर्यंतचा रस्ता सुरेख झालाय.

या सगळ्या वाटेत अण्णा शेजारी बसून गाडीची परीक्षा घेत होते. एएमटी गिअर बदलताना क्षणभर थबकते, मान जरा पुढं जाते. अण्णांना ते पहिल्याच चढाला कळलं.

"ही इचार करत बसती," ते म्हणाले. "हिचा इचार हुईस्तोवर माजा गिअर पडलाबी असता."

खोटं नव्हतं. ओव्हरटेक करायच्या आधी हे ध्यानात ठेवावं लागतं. पण प्रत्येक चढाला त्यांचा उजवा पाय स्वस्थ होता आणि डावा खालच्या मॅटवर दाबला जात होता, हेही मी बघत होते.

अक्काकडं दुपारचं जेवण. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी, दही आणि शेवटी तुपाबरोबर शेंगापोळी. हे तुम्हाला कुठल्या हॉटेलात मिळणार नाही, त्यामुळं पत्ता विचारू नका. जेवण झाल्यावर अक्का बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "उद्या कोन चालवनार?"

"मी," मी म्हटलं.

अक्कानं अण्णांकडं बघितलं. "आनि तू?"

अण्णा म्हणाले, "मी बसनार."

 अक्कानं आत जाऊन कळशी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आंबोलीकडं निघालो. थंडीत हा रस्ता आजऱ्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा असेलच असं नाही. अंधारात इकडं येऊ नका. गाव मागं पडल्यावर एका मोकळ्या सरळ पट्ट्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि उतरले. पलीकडं जाऊन अण्णांच्या बाजूचं दार उघडलं. अण्णांनी आधी डावा गुडघा चोळला. मग उतरले आणि स्टिअरिंगपुढं जाऊन बसले. मागून अक्का म्हणाली, "आता कसं."

ब्रेक सोडल्याबरोबर गाडी आपोआप सरकायला लागली. "मी न्हाय सांगितलं हिला," अण्णा म्हणाले. पण चेहरा खुलला होता. तिथून बराच वेळ छान चाललं. मी शांतपणे बाहेर बघत होते, म्हणजे तसं दाखवत होते.

पुढं एक ट्रॉली हळू चालली होती. चाळीस वर्षांची सवय. वेग कमी करायचा म्हणून अण्णांचा डावा हात गिअरकडं गेला आणि हाताबरोबर डावा पाय. क्लच दाबतात तसा त्यांनी तो खालपर्यंत दाबला. तिथं क्लच नव्हता, ब्रेक होता. ऑटोमॅटिकचा ब्रेक चांगला रुंद असतो, डाव्या पायालाही अलगद सापडतो. गाडी जागच्या जागी उभी राहिली. माझी मान पट्ट्यात अडकली, मागं अक्काचा फराळाचा डबा सीटखाली गेला आणि कळशी पुढं येऊन माझ्या सीटवर आदळली. मागच्या मोटरसायकलवाल्यानं कशीबशी गाडी वळवली आणि काचेशी येऊन थांबला.

"ओ पावणं, ब्रेक मारायची बी काय रीत असती की न्हाय? येत न्हाय तर चालवता कशाला?"

 अण्णा दार उघडून उतरले, चालत पलीकडं आले. "तूच चालव. बास झालं," एवढंच म्हणाले. मला वाईट वाटलं आणि रागही आला. राग स्वतःचाच. त्यांना सांगायला हवं होतं की पहिल्या दिवशी ही चूक सगळ्यांची होते. क्लचवर ज्यांचा पाय बसलेला आहे त्यांची तर हमखास. तुम्ही अशा कुणाला ऑटोमॅटिक देणार असाल तर आधी रिकाम्या मैदानात न्या, माझ्यासारखं करू नका.

आजऱ्यात चहाला थांबलो. इथला घनसाळ तांदूळ घ्यायला विसरू नका, नुसत्या भाताचा वास घरभर फिरतो. मी तांदूळ घेऊन आले तर अण्णा बाकावर बसले होते आणि अक्का त्यांच्यापुढं उभी होती.

"पाय ऐकत न्हाय, अक्का," अण्णा म्हणत होते. "मेंदू सांगतो न्हाय म्हनून, तोवर त्यो जाऊन दाबून मोकळा."

"डाव्या पायातली चप्पल काढ."

"कशाला?"

"काढ म्हनतो न्हवं."

अण्णांनी काढली. कातडी, कोल्हापुरी, टाच झिजलेली. अक्का वाकली, ती उचलली आणि पदराखाली धरली. अण्णा ताडकन उभे राहिले, गुडघ्याचं भान न ठेवता.

"अक्का, काय करतीस. ठेव खाली ती."

"आता ही माज्या मांडीवर ऱ्हाईल, आंबोलीपतोर. तुजा पाय हालला की ध्यानात यील, अक्का आपलं पायतान घेऊन बसल्या म्हनून."

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी थोरल्या माणसांच्या पाया पडतात त्यांना वेगळं सांगायला नको. धाकट्याचं पायताण थोरल्या बहिणीनं मांडीवर घेऊन बसायचं, म्हणजे अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं. त्यांनी विनवलं, मी गाडीच्या डिकीत ठेवू का म्हणून विचारलं. अक्का गाडीत जाऊन बसली. चप्पल मांडीवर, वर दोन्ही हात.

"चल तम्मा. येळ लावशील तितका येळ हे धरून बसावं लागंल मला."

अण्णा स्टिअरिंगपुढं बसले.

आजरा ते आंबोली हा रस्ता वळणावळणाचा आणि झाडीचा. हत्ती फिरतात असे फलक आहेत, आम्हाला एकही दिसला नाही. अण्णांचा अनवाणी डावा पाय सीटला चिकटून मागं होता. एकदा एका वळणाला तो हलला. खाली गार मॅट लागली असेल. अण्णांनी आरशात बघितलं. अक्का खिडकीबाहेर बघत होती, हात चपलेवर. पाय परत मागं गेला. त्यानंतर तो हलल्याचं मी बघितलं नाही.

आणखी एक गोष्ट झाली. अण्णा गाडी चालवताना कधीच बोलायचे नाहीत. लहानपणी मी काही विचारलं तर "पोचल्यावर" एवढंच उत्तर यायचं. त्या दिवशी रिकामा झालेला डावा हात बाहेर दाखवायला लागला. इथं तुझ्या आईला गाडी लागली होती. ह्या ओढ्यात एकदा रेडिएटरचं पाणी भरलं होतं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी ऐकत राहिले आणि मला फार बरं वाटलं.

हिरण्यकेशीचं मंदिर आंबोलीतून थोडं आत आहे. गाडी लावून पायवाटेनं चालावं लागतं, वाट सोपी आहे, वयस्कर माणसंही जातात. चढावर गाडी लावताना हँडब्रेक घट्ट ओढा, एएमटीला इतर ऑटोमॅटिकसारखी पार्किंगची वेगळी खूण नसते. अण्णांनी हँडब्रेक ओढून वर मागच्या चाकाला दगडही लावला. मग मागचं दार उघडून दोन्ही हात पुढं केले. अक्कानं चप्पल खाली ठेवली. अण्णा ती पायात घालण्याआधी वाकून तिच्या पाया पडले. नव्या गुडघ्याला ते सोपं नव्हतं.

"दमला न्हाईस न्हवं?" तिनं विचारलं.

"दमायला कामच न्हाय हिच्यात," अण्णा म्हणाले. "करमत न्हाय तेवढं."

गुहेतून येणारं पाणी थंडीत स्वच्छ असतं. अक्कानं कळशी भरली. आंबोलीत जेवलो, साधी शाकाहारी थाळी, दीडशेच्या आसपास, भजी वेगळी. परतीलाही अण्णांनीच चालवली, चप्पल अक्काकडं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघंच कोल्हापूरला निघालो. हायवेला मी चालवली, पण उचगावच्या अलीकडं अण्णा म्हणाले, "थांब, गावात मी घेतो." ताराराणी चौकात सिग्नल लाल होता. पुढं रिक्षा, मागं बस. उजवा पाय ब्रेकवर, डावा मागं. अण्णा आकडे उलटे जाताना बघत होते. मी त्यांच्या गुडघ्याकडं बघत होते. तो थरथरत नव्हता. हिरवा झाला, रिक्षा गेली, आम्ही गेलो.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक, असं बरेच जण विचारतात, तर माझं म्हणणं असं. मॅन्युअलमध्ये गाडी तुमच्या हातात असते, ऑटोमॅटिकमध्ये तुम्ही मोकळे असता. ज्याला मोकळं व्हायचं नाही त्याला ती आवडणार नाही. अण्णांना ती अजूनही आवडत नाही.

पण जुनी गाडी गडमुडशिंगीला गेली. पोचवायला मी चालवत होते, अण्णा शेजारी. माझ्या प्रत्येक गिअरला त्यांचा डावा पाय खाली दाबला जात होता, आणि त्या दिवशी त्यांनी तो आवरला नाही.

आता अंगणात एक जुनी, पण आमच्यासाठी नवी ऑटोमॅटिक उभी असते. अण्णा मंडईला जातात, दूध आणतात, महिन्याकाठी गडहिंग्लजला जाऊन येतात. गाडीत कुणी सीटवर पाय ठेवला तर त्यांना अजून खपत नाही. परवा ते एकटेच निघाले होते. मी फाटक उघडायला गेले आणि सहज आत डोकावले. मागच्या सीटवर, अक्का बसते त्या बाजूला, घडी केलेला पेपर अंथरला होता आणि त्यावर त्यांची डाव्या पायातली चप्पल ठेवली होती.