सीलबंद इंजिन आणि घाटंजी रस्त्यावरचा पंचनामा

“साहेब, गाडी समोर नाही नेत मी.”

असे म्हणून आमच्या कार्यालयाचा ड्रायव्हर हरी राठोड याने घाटंजीच्या रस्त्यावर जीप बाजूला घेतली, इंजिन बंद केले आणि किल्ली खिशात टाकली. पुढे आमचे साहेब बसले होते. मागे मी, त्या कार्यालयाचा हेडक्लार्क, मांडीवर फायली घेऊन. अकरा वाजता घाटंजीला बैठक होती.

मी तत्काळ कागद काढून मेमो लिहायला घेतला. शासकीय कामात अडथळा आणि आदेशाचा भंग, हे दोन मुद्दे डोक्यात तयार होते. हरी अजून हंगामी होता. यापूर्वी माझ्याच सहीने त्याला दोन मेमो गेले होते, आणि तिसऱ्या मेमोनंतर हंगामी माणसाला कामावर ठेवण्याची आमच्याकडे रीत नव्हती. हे त्यालाही ठाऊक होते.

“कारण सांग,” मी गरजलो.

“सुई पडून राह्यली, बडेबाबू. वळणावर पडते, सरळ रस्त्यानं उठते.”

ही सुई ऑइल प्रेशरची. इंजिनात लोखंडावर लोखंड फिरते, आणि मध्ये तेलाचा पातळ थर असतो म्हणून ते टिकते. तेल तळाच्या चेंबरमध्ये साठते. पंप ते वर पोचवतो. तेल कमी झाले की वळणावर ते एका अंगाला जाते, पंपाच्या तोंडी हवा येते आणि सुई कोसळते. तशीच गाडी रेटली तर बेअरिंग वितळते, पिस्टन जागीच अडकतो आणि इंजिन जाम होते. हे सारे मी नंतर समजून घेतले. त्या सकाळी मला फक्त हुकूम मोडणारा माणूस दिसत होता.

“मग तेल पाहा ना,” साहेब म्हणाले.

“कसं पाहू, साहेब? सील हाय.”

सील माझे होते. महिनाभरापूर्वी कार्यालयात एक निनावी अर्ज आला होता: जीपचे तेल चोरीला जाते. निनावी अर्जाची दखल घेऊ नये, असे मीच इतरांना बजावीत असे. तरीही संतापाच्या भरात मी तेलाच्या झाकणाला आणि डिपस्टिकला, म्हणजे तेल मोजण्याच्या पट्टीला, तार ओवून शिशाचे सील ठोकले होते. आदेशात लिहिले होते: ‘सदर सील अधिकाऱ्याच्या उपस्थितीत व दोन स्थानिक रहिवासी पंचांसमक्षच तोडावे.’

“तू आधी का बोलला नाहीस?”

“बोललो ना. तुमी म्हनले, लेखी दे. तांड्यातल्या मास्तरकडून अर्ज लिहून घेतला, सोमवारी देल्ला. त्याचं काय झालं, मले काय मालूम?”

मला मालूम होते. अर्ज माझ्या ट्रेमध्ये होता. त्यावर आवक क्रमांक पडला होता आणि तो आपल्या पाळीची वाट पाहत होता. तो दिवस शुक्रवार.

हरीने पकड काढली. “तोडू?”

“खबरदार! पंच कुठे आहेत?”

साहेब वयाने माझ्याहून लहान, पण स्वभावाने थंड. ते झाडाखाली जाऊन बसले. “देशपांडे, अधिकारी हजर आहे. पंच तेवढे आणा.”

तेवढ्यात बाजाराला निघालेली एक बैलगाडी आली. गाडी हाकत होते महादेवराव. मागे त्यांची पत्नी गिरजाबाई आणि शेजारचे नामदेव आबा.

“काय झालं बाप्पा? मोटर अडली काय?”

“तुम्ही दोघे पंच व्हाल का?”

“भांडन कोनाचं हाय?”

“भांडण नाही. इंजिनाचे झाकण उघडायचे आहे.”

तिघेही इतके हसले की बैल बिचकले. महादेवराव म्हणाले, “उघडा ना मंग! तेल लागत असन तं माया इहिरीवरच्या इंजिनाचा डबा हाय, हा बांध ओलांडला का तठीच.”

“तेल तुमचे असेल तर तुम्हांला पंच होता येणार नाही. ज्याचा माल, तो साक्षीदार चालत नाही.”

“हे पाहा! तेल देतो म्हनलं अन् बाद झालो!”

गिरजाबाई खाली उतरल्या. “मी होतो पंच. पाहाचंच हाय ना? मले चांगलं दिसते.”

मी आदेश पुन्हा वाचला. त्या स्थानिक रहिवासी होत्या. हरकत घेण्यास जागा नव्हती.

पंचनामा लिहिण्यासाठी मी बॉनेटवर कागद ठेवला आणि मनगटाला असा चटका बसला की कागद उचलून बैलगाडीच्या फळीवर न्यावा लागला. सील तुटले. हरीने पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. टोकाला काळा डाग, बाकी काही नाही. “याडी!” तो पुटपुटला. त्याच्या गोर, म्हणजे बंजारा बोलीत याडी म्हणजे आई.

मी लिहिले: ‘पट्टीवर तेल आढळून आले नाही.’ आणि वाचून दाखवले.

“कोरडी ठाक हाय असं लिहा,” गिरजाबाई म्हणाल्या. मी दुरुस्ती केली. “अन् हेबी लिहा का डायवरनं टायमावर थांबवली म्हनून मोटर वाचली.”

“बाई, तो पंचनाम्याचा विषय नाही.”

“काहून नाही? म्या डोयानं पाह्यलं. नाही लिहिलं तं अंगठा नाही देत.”

“मंग मीबी नाही देत,” नामदेव आबा गाडीतूनच म्हणाले.

पंचांच्या अंगठ्याशिवाय पंचनामा निरर्थक, आणि पंचनाम्याशिवाय तोडलेले सील हा गुन्हा. साहेब झाडाखाली रुमाल तोंडाला लावून हसत होते. मी लिहिले: ‘चालकाने वेळीच वाहन थांबविल्याने इंजिन बचावले.’ दोन अंगठे उमटले.

तेव्हा हातातल्या दुसऱ्या कागदाकडे, मघाच्या मेमोकडे, माझे लक्ष गेले. एकाच माणसाच्या हस्ताक्षरात, एकाच घटनेबद्दल, एकाच तारखेचे दोन परस्परविरुद्ध कागद फायलीत राहू शकत नाहीत. मी मेमो फाडला. फाडताना जो हलकेपणा वाटला, त्याची तरतूद कोणत्याही नियमात नाही. मलाही हसू आवरेना.

महादेवरावांनी आणलेले तेल ओतले. हरीने किल्ली फिरवली. सुई वर चढली आणि पुढच्या तिन्ही वळणांवर तिथेच राहिली. बैठकीला आम्ही अर्धा तास उशिरा पोचलो.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना दोन पानी पत्र लिहिले. त्यात स्वतःचे नाव घालून, सील ठोकल्याबद्दल आणि अर्ज पाच दिवस अडकवल्याबद्दल माझ्याकडून खुलासा मागवावा, असे सुचवले. खुलासाही सोबत जोडला. साहेबांचा शेरा एका ओळीचा: ‘मान्य. उरलेली तार फेका, हरीला कायम करा.’ त्याच्या कायम होण्याच्या फायलीला तो पंचनामा जोडला आहे, अंगठ्यांसह.

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून, रोज सकाळी तेल पाहावे. आणि ज्याच्या हाती चाक दिले आहे, त्याला झाकण उघडण्यासाठी अर्ज करावा लागू नये.