प्रायश्चित्तकाळात समुद्राकडची खोली

घर तासा-दीड तासावर असताना मुंबईत हॉटेलात राहायला का गेलीस, असं तुम्ही दोघा नातवंडांनी परवा फोनवर विचारलंत. प्रश्न तुमच्या डॅडीचा होता, मला कळलं. त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला देते, आणि क्रमाने देते.

मी चर्चगेटजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते, तुमचा डॅडी शाळेत जायच्या आधीपासून ते त्याचं लग्न होईपर्यंत. आमच्या गिरीज गावची माणसं मुंबईत कामाला जातात, झोपायला जात नाहीत. नातेवाइकांकडे लग्न असलं तरी जेवण आटोपून परत यायचं. पहाटे केळीला पाणी सोडायचं असतं, कोंबड्या असतात, आणि मुख्य म्हणजे सगळे तसंच करतात. तुमचे आजोबा तर कुठेही गेलो तरी दुपारच्या चहापासून घड्याळ बघायला लागत. त्यामुळे ज्या शहराने मला पगार दिला, ते संध्याकाळनंतर कसं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. शाळेच्या वरच्या मजल्यावरून समुद्रासमोरचं एक मोठं हॉटेल दिसायचं. त्याच्या खिडक्यांत दिवे लागू लागले की मी वह्या पिशवीत भरायची.

मग माणिकपूरच्या डॉक्टरांनी माझे दोन्ही गुडघे बदलायचं ठरवलं. ईस्टर झाल्यावर. त्या दिवशी रिक्षात बसून घरी येतानाच मी ठरवलं की त्याआधी एक रात्र त्या हॉटेलात राहायचं, एकटीने, समुद्र दिसणाऱ्या खोलीत, आणि समोरच्या रस्त्याने माझ्या जुन्या गुडघ्यांवर फिरायचं. नवे गुडघे छान चालतात असं सगळे सांगत होते. चालतही असतील. पण या वयात ऑपरेशनच्या टेबलावर चढणाऱ्या बाईने ‘नंतर बघू’ म्हणण्यात अर्थ नसतो.

माझी नणंद शेजारच्याच वाडीत राहते. तिला सांगितलं तेव्हा ती शेवग्याच्या शेंगा सोलत होती. ती आमच्या घरच्या बोलीत बोलली, मी तुम्हाला समजेल असं लिहिते.

“वैनी, माझ्या घरात तीन खोल्या रिकाम्या पडल्यात. त्यातल्या एका खोलीचं मी तुझ्याकडून भाडं घेते, म्हणजे तुला हॉटेलात गेल्यासारखं वाटेल.”

“तुझ्या खोलीतून समुद्र दिसतो का?”

“माझ्या खोलीतून तुझा संडास दिसतो. तोही स्वच्छ आहे.”

आता बुकिंग कधी करायचं हा प्रश्न. मी कोणतंही काम वेळेआधी करणारी बाई आहे, पण इथे मुद्दाम थांबले, आणि माझा हिशेब मला फार हुशारीचा वाटत होता. जानेवारी-फेब्रुवारीत लग्नं असतात. राखेचा बुधवार आला की ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ सुरू, आणि लग्नं बंद. ईस्टरपर्यंत आमच्या गावचा हॉल रिकामा, बँडवाले घरी, केटररची पातेली पालथी. तेव्हा हॉटेलंही ओस पडलेली असणार, भाव उतरलेले असणार, आणि माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला हवी ती खोली मिळणार. म्हणून राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला.

“सॉरी मॅम,” पलीकडची मुलगी म्हणाली, “सी-फेसिंग सगळं फुल आहे. वेडिंग सीझन आहे ना.”

“अहो, पण प्रायश्चित्तकाळ सुरू झाला.”

“काय सुरू झालं, मॅम?”

सगळी मुंबई गिरीजच्या चर्चच्या कॅलेंडरप्रमाणे लग्नं करते, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. वर्गातल्या निम्म्या मुलींच्या बहिणींच्या लग्नाच्या पत्रिका मला मार्च महिन्यात येत, तरीही. मुलीने सांगितलं की लग्नाच्या पार्ट्या गेल्या की कंपन्यांच्या मीटिंगा, त्यानंतर परीक्षा संपलेली कुटुंबं. पावसाळ्यात या, मॅम, तेव्हा खूप चांगले रेट मिळतात. पावसाळ्यात मी वॉकर धरून ओटीवर बसलेली असणार होते.

तुमच्या डॅडीला तिकडे फोनवर हे कळलं तेव्हा त्याला बरंच वाटलं. “बघ मम्मी, वरूनच नको म्हणतात. आधी ऑपरेशन कर. डिसेंबरमध्ये आम्ही येतोच आहोत, तेव्हा मी तुला घेऊन जातो.”

“डिसेंबर सगळ्यांत वाईट,” मी म्हटलं. “आखातातले, कॅनडातले, सगळे तेव्हाच येतात. खोली मिळणार नाही. मिळाली तर तू मुलांना माझ्या खोलीत झोपवणार आणि तुम्ही दोघं बाहेर जेवायला जाणार.”

तो हसला. त्याने नाही म्हटलं नाही, हे तुम्ही ध्यानात घ्या.

“आणि मला कुणी घेऊन जायला नको आहे,” मी म्हटलं. “मला जायचं आहे.”

“एकटी? काही झालं तर?”

“काही झालं तर तिथे लिफ्ट आहे, डॉक्टर आहे, बेल वाजवली की माणूस येतो. इथे काही झालं तर तुझी आत्या येते, आणि ती आधी मला ओरडते.”

फोन ठेवल्यावर मी विचार करायला बसले. शाळेत दरवर्षी टाइमटेबल माझ्याकडे असायचं. एवढ्या वर्गांच्या, एवढ्या शिक्षकांच्या गर्दीत कुठेतरी एक मोकळा तास असतोच, तो आठवड्याकडे बघून सापडत नाही, एकेक तास धरून बघावा लागतो. मी पुन्हा हॉटेलला फोन लावला आणि आठवडे विचारायचे सोडून एकेक रात्र विचारायला लागले. शुक्रवार नाही. शनिवार नाही. सोमवार, मंगळवार कंपनीवाले. मुलीचा आवाज थकत चालला होता. रविवार म्हटल्यावर ती थांबली. वऱ्हाडं रविवारी दुपारी जातात, कंपनीवाले सोमवारी सकाळी येतात. मधल्या रात्री पाचव्या मजल्यावरची एक खोली होती, समुद्राकडची. झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या दोन आठवडे आधी. मी तिथल्या तिथे कार्डाचा नंबर वाचून दाखवला.

नणंदेने शेवटचा प्रयत्न केला. “प्रायश्चित्तकाळात चैन करणार? माणसं चहासुद्धा सोडतात.”

“ते चाळीस दिवस मोजून बघ. त्यात रविवार धरत नाहीत.”

तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडून दिली. “फादरना विचारते,” म्हणाली. विचारलं की नाही ते मला माहीत नाही. मला पुन्हा काही बोलली नाही, म्हणजे विचारलं असणार.

त्या रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाऊन मी टॅक्सीने निघाले. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने माझ्या मागे दोनदा बघितलं. “मॅम, बरोबरचे लोक गाडी पार्क करतायत का?”

“बरोबर कुणी नाही. खोली एकीचीच आहे.”

खोलीत मी फार थांबले नाही. उन्हं उतरल्यावर खाली उतरले आणि काठी टेकत समुद्राच्या कडेने चालायला लागले. दर चार दिव्यांच्या खांबांनंतर कठड्यावर बसायचं आणि पुन्हा उठायचं. गुडघे ठणकत होते, ते काही खोटं सांगत नाही. माझ्या शाळेचं गेट दिसलं, बंद होतं. दिवे लागले. परत फिरायची ती माझी वेळ, अंगाला सवय अशी की हात आपोआप पर्स सावरायला गेला. मी पर्स मांडीवर ठेवली आणि बसून राहिले. समोर मुलं कणीस खात होती, एक जोडपं हळू आवाजात भांडत होतं, दोन म्हाताऱ्या भराभर चालत व्यायाम करत होत्या. घरी जायची घाई कुणालाच नव्हती. इतकी वर्षं मी इथून उठून गेल्यावर हे रोज चालू होतं.

तुमच्या डॅडीचा फोन आला. उद्या सकाळी लवकर आतेभावाला न्यायला पाठवतो म्हणाला.

“पाठवू नकोस. बारा वाजेपर्यंत खोली माझी आहे. मी बारापर्यंत राहणार.”

आणि राहिले. मंगळवारी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी सुजलेले गुडघे बघून चष्मा काढला. “आजी, ऑपरेशन तोंडावर आलंय. एवढं चालायची काय गरज होती?”

“चालता येत होतं, डॉक्टर,” मी म्हटलं, आणि पाय टेबलावर घेतले.