सील न तुटलेली ट्रॉली

ते वाक्य आपल्याच तोंडून निघालं, यावर इनचार्ज बाईंचा अजूनही पुरता विश्वास बसत नाही. वाक्य तसं साधं होतं, खरं होतं, आणि गेली कित्येक वर्षं त्या ते कुणाला ना कुणाला सुनावत आल्या होत्या. फक्त त्या दिवशी ते एका निळ्या पडत चाललेल्या मुलाच्या डोक्यावरून, त्याच्या बापादेखत बाहेर पडलं.

बाई म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीतल्या मुख्य परिचारिका. अंगाने किरकोळ, चालीने तुरतुरीत, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला. नव्या पोरी पाठीमागे त्यांना 'करवत' म्हणत आणि एखाद्या पेशंटच्या दहा नातेवाइकांनी गराडा घातला की त्याच करवतीच्या मागे लपत. बाईंचे वडील शिवणयंत्रं दुरुस्त करायचे, आणि दुरुस्त झालेल्या यंत्राला गिऱ्हाईक येईपर्यंत घरात कुणाला बोटही लावू द्यायचे नाहीत. जपून ठेवणं हे बाईंच्या रक्तातच होतं. त्यांच्या स्वतःच्या लग्नात आलेला चहाचा सेट काचेच्या कपाटात अजून नवाकोरा आहे. यजमान छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले, कान तुटलेल्या कपातून चहा पिताना ते अधूनमधून विचारत, "मी पाहुणा म्हणून कधी येऊ, तेवढं एकदा सांगून ठेव." बाई म्हणत, तुम्हाला कसं बोलवणार, तुम्ही जातच नाही कुठे.

मुलं म्हणजे लहान आकाराची मोठी माणसं नव्हेत, हे एके वर्षी सरकारच्या ध्यानात आलं आणि लहान मुलांच्या तातडीच्या उपचारांसाठी अनुदान मंजूर झालं. कॅज्युअल्टीच्या एका कोपऱ्याला रंग लागला. भिंतीवर जिराफ आला. त्याची मान स्विचबोर्डाने मध्येच कापली, पण बाकीचा जिराफ देखणा होता. आणि आली लाल रंगाची, चाकांची ट्रॉली. तिच्या पारदर्शक कप्प्यांत तान्ह्या बाळापासून शाळकरी पोरापर्यंत प्रत्येकाच्या मापाचे मास्क, सुतासारख्या बारीक नळ्या, आणि श्वास थांबला तर दाबून हवा आत ढकलायच्या चिमुकल्या रबरी पिशव्या. बाईंनी पहिल्यांदा कप्पा उघडला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

अनुदानाला अट होती. दरवर्षी समिती येणार, ट्रॉली तपासणार, आणि ती पूर्ण व सज्ज आढळली तरच पुढचा हप्ता. पहिल्याच वर्षी एका तान्ह्या बाळासाठी एक मास्क वापरला गेला. स्टोअरने बदली मास्क मागवला. तो 'येईल' असं सांगितलं. त्याआधी समिती आली. कप्प्यात एक जागा रिकामी दिसली, अहवालात 'अपूर्ण' असा शब्द पडला, हप्ता अडकला आणि बाईंच्या हातात मेमो पडला. बाळ खडखडीत बरं होऊन घरी गेलं होतं. पण बरं झालेलं बाळ लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.

बाईंनी कानाला खडा लावला. ट्रॉली सदैव सज्ज हवी, आणि वापरली की ती सज्ज राहत नाही. यातून जो सरळ अर्थ निघतो तो त्यांनी काढला आणि कप्प्यांच्या दांडीला प्लास्टिकचं सील अडकवलं. त्यानंतर कॅज्युअल्टीला दरवर्षी पैकीच्या पैकी गुण मिळू लागले. दुसऱ्या रुग्णालयांतल्या इनचार्ज आपल्या पोरींना घेऊन ही ट्रॉली बघायला येत. सफाईच्या मावशी रोज सकाळी ती पुसत, इतक्या हळुवारपणे की बाई गमतीने म्हणत, एवढं तर तुम्ही कधी नातवाचंही तोंड पुसलं नसेल.

मुलं अर्थात येतच राहिली. त्यांच्यासाठी बाईंकडे एक युक्ती होती. काहीच मिळत नसे त्या काळात एका म्हाताऱ्या सिस्टरने त्यांना ती शिकवलेली: मोठ्या माणसाचा मास्क उलटा धरायचा, नाकाकडची निमुळती बाजू हनुवटीकडे करायची, की तो लहान तोंडावरही बसतो. बाईंनी ही युक्ती प्रत्येक नव्या नर्सला हात धरून शिकवली. उलट्या मास्कवर काम चालून जायचं. बहुतेक वेळा चालून जायचं.

नुकतीच रुजू झालेली डॉक्टर, वयाने बाईंच्या मुलीएवढी, पहिल्याच आठवड्यात ट्रॉलीकडे बोट दाखवून काही मागायला गेली. बाईंनी सीलकडे बोट दाखवून नेहमीचं उत्तर दिलं. डॉक्टर हसली. हा विनोद नव्हता हे कळल्यावर तिचं हसू तोंडावर जरा वेळ तसंच राहिलं, काढून कुठे ठेवायचं ते न कळल्यासारखं.

समितीच्या दिवशी सकाळपासून फिनेलचा वास सुटला होता. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त बालरोगतज्ज्ञ, सगळे त्यांना 'सर' म्हणत. सर ट्रॉलीशेजारी उभे राहून सील निरखत होते, बाई पलीकडे हात बांधून उभ्या होत्या, आणि चहा येऊ घातला होता. तेवढ्यात दार धाडकन भिंतीवर आपटलं.

आत आलेला माणूस रंगारी होता. कोपरापर्यंत पांढऱ्या रंगाने माखलेला, आणि त्याच्या हातांवर मान टाकलेला मुलगा. सकाळपासून ताप होता, मग आकडी आली, मग आकडी थांबली आणि तिच्याबरोबर बाकी सगळंच थांबलं, असं काहीसं तो सांगत होता. डॉक्टरने मुलाला पलंगावर घेतलं, मान सरळ केली, छातीकडे पाहिलं. छाती हलत नव्हती.

"सिस्टर, लहान मास्क."

बाईंचे हात डोक्याला न विचारता चालले. जुना खण, मोठा मास्क, उलटा, हनुवटीवर, पिशवी दाबली. फस्स आवाज झाला. पुन्हा दाबली. पुन्हा फस्स. मास्कच्या कडेने मुलाच्या कपाळावरचे केस तेवढे भुरभुरले.

"हवा जात नाहीये," डॉक्टर म्हणाली. "ट्रॉली उघडा."

"ती सील्ड आहे, डॉक्टर."

सरांचा हात ट्रॉलीवर होता, तो चटका बसल्यासारखा उचलला गेला. चहाचा ट्रे घेऊन आलेली नर्स उंबऱ्यावरच थिजली. रंगाऱ्याला वाक्य कळलं नाही. तो एकेका तोंडाकडे पाहत गेला आणि शेवटी बाईंच्या तोंडापाशी थांबला.

"म्हणजे?" त्याने विचारलं.

बाईंच्या तोंडाला जे आलं ते आणखीच चमत्कारिक होतं: "कात्री. मावशी, कात्री आणा." मावशी धावल्या. कात्री ड्रेसिंगच्या खोलीत होती.

"सिस्टर," सर अगदी हळू म्हणाले, "ते हाताने तुटतं. तुटायलाच केलेलं असतं ते."

बाईंनी दोन बोटांत धरून पिळलं. सील तुटलं; वाळकी काडी मोडावी तेवढाच आवाज झाला. इतक्या वर्षांचा बंदोबस्त तो एवढा होता.

लहान मास्क मुलाच्या तोंडावर बसला, डबीवर डबीचंच झाकण बसावं तसा. बाईंनी चिमुकली पिशवी दाबली आणि मुलाची छाती वर आली. पहिल्याच दाबाला. बाईंनी अविश्वासाने पुन्हा दाबली. छाती पुन्हा वर आली. त्यांची बोटं कुठेच झगडत नव्हती, कड दाबून धरावी लागत नव्हती, मान तिरपी करून कान लावावा लागत नव्हता. इतकं सोपं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पिशवी दाबता दाबता त्यांच्या डोळ्यांपुढे जुन्या मुलांचे चेहरे यायला लागले. ज्यांचं चालून गेलं त्यांचे नव्हेत, दुसरे. त्यांनी मान झटकली आणि छातीवर नजर ठेवली.

थोड्या वेळाने मुलाचे ओठ निळ्याचे जांभळे, जांभळ्याचे गुलाबी झाले. मग तो स्वतः श्वास घेऊ लागला आणि मग रडला. रडणं बारीक होतं, पण ते ऐकून पुढे होताना रंगाऱ्याने ट्रॉलीला हात टेकला. लाल पत्र्यावर त्याची पाचही बोटं पांढरी उमटली.

मुलाला वॉर्डात हलवल्यावर समितीने उरलेली तपासणी पुरी केली, कारण ती पुरी करायची असते. सरांचा सहकारी तक्ता भरत होता: मास्क, एक कमी, सील, तुटलेलं. सरांनी त्याला थांबवलं नाही. ते बाईंजवळ आले.

"कधीपासून बंद होती?"

"पहिल्या मेमोपासून." बाईंनी लपवलं नाही. लपवायला काही शिल्लक नव्हतं.

"तो अहवाल माझा होता," सर म्हणाले. "मग दरवर्षी भरलेली ट्रॉली बघून मी खूश व्हायचो. इथे मुलं येतात की नाही, हे मी एकदाही विचारलं नाही." एवढं बोलून त्यांनी चहाचा कप उचलला, न पिताच खाली ठेवला आणि सहकाऱ्याकडून तक्ता मागून घेतला.

'अपूर्ण' हा शब्द या वर्षीही पडला. त्याच्याखाली सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं की ट्रॉली वापरात आढळली, हप्ता अडवू नये आणि कमी पडलेली वस्तू आठवड्याच्या आत मिळावी. तक्त्यात त्यासाठी जागा नव्हती. त्यांनी समासात लिहिलं. समासातलं वर कुणी वाचतं का, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

समिती गेल्यावर बाई स्टुलावर बसल्या. जुना मोठा मास्क समोर पडला होता. त्यांनी तो उचलला, उलटा धरला, आपल्याच गुडघ्यावर घट्ट दाबला आणि पिशवी आवळली. कडेने हवा सुटली आणि त्यांच्या मनगटाला लागली, गार. त्यांनी पकड बदलली, आणखी जोर लावला. ज्या पकडीसाठी पोरी त्यांना गुरू मानत, ती पकड. हवा दुसऱ्या बाजूने सुटली.

मावशी ओलं फडकं आणि स्टोअरमधून आणलेलं नवं सील घेऊन आल्या. ट्रॉलीवरची पांढरी बोटं बघून त्यांनी चुकचुकत विचारलं, "बाई, हे वाळायच्या आत पुसते. आणि सील तुम्ही लावता का?"

"पुसा," बाई म्हणाल्या. "सील नको."

मावशींचं फडकं हवेतच राहिलं. त्यांनी दार बघितलं, ट्रॉली बघितली, आणि बाईंच्या अगदी जवळ येऊन, कुणी ऐकू नये अशा बेताने विचारलं, "अहो, पण मग कुणी वापरलं तर?"

बाईंनी जुना मास्क पुन्हा गुडघ्यावर उलटा टेकवला. पिशवी त्यांनी पुन्हा एकदा दाबली, आणि हवा पुन्हा कडेनेच सुटली.