साडूची दोरी

मिस्त्रींच्या बोटीचं इंजिन त्यांच्या लग्नाहून जुनं, पण त्याच्याविरुद्ध ते एक अक्षर ऐकून घेत नसत. मागच्या खेपेला मेहुणीकडे जाताना ते पाण्यात बंद पडलं आणि साडूने नव्या बोटीला दोरी बांधून ओढत नेलं. वर म्हणाला, "चालायचंच, म्हातारं झालंय." ते मिस्त्रींच्या जिव्हारी लागलं.

आज पुन्हा पलीकडच्या काठावर जायचं होतं. सकाळभर त्यांनी इंजिन बोटीवरून उतरवून, त्याचा खालचा पंखा पाण्याच्या पिंपात बुडवून, कार्बोरेटरचा स्क्रू केसभर फिरवत मंद चाल लावली. इंजिन मांजरासारखं गुरगुरू लागलं. धक्क्यावर बायको बोटीत बसली, मिस्त्रींनी ऐटीत गिअर टाकला आणि इंजिन गपकन बंद!

"अगदी तुमच्या वळणावर गेलंय," बायको म्हणाली. "रिकामं असलं की गुणगुणतं, काम सांगितलं की मान टाकतं."

मिस्त्री चिडणार, तोच थबकले. चाल लावली होती ती गिअर न टाकताच; गिअर पडून पंख्याचा भार आला की ती पुरणार कशी! बोट धक्क्यालाच बांधून, गिअर टाकून त्यांनी स्क्रू पुन्हा फिरवला. इंजिन टिकलं.

पलीकडे साडू दोरीचं वेटोळं घेऊन तयारच उभा होता.

"अहो, आता काठाला लावा की!"

"थांब गं," म्हणत मिस्त्रींनी साडूसमोरून अगदी मंद चालीत आणखी एक चक्कर मारली.