बूच

कमरेएवढ्या पाण्यात, काठाला बांधलेली बोट बुडवणारा बहारीनमधला मी बहुधा एकमेव अकाउंटंट असेन.

बोट माझी नव्हे, मार्थाची. दोघातिघांपुरती, शिडाची. मार्था, माझी बायको, अर्नाळ्याच्या कोळ्यांची लेक, मी वसईच्या केळीच्या वाडीतला (पाण्याशी संबंध पाटापुरता!). इथे थंडी लागली की लोक बोटी समुद्रात घालतात. यंदा आम्ही आमची बाहेर काढत होतो. उन्हाळाभर सलमानिया हॉस्पिटलच्या फेऱ्या झाल्या आणि मार्था गेली. बोट चालवणार कोण?

माझे शेजारी जोशी, पुण्याचे बँकवाले, जीप नि ट्रेलर घेऊन आले. बोट सनद गावात त्यांच्या भावाच्या अंगणात झाकून ठेवायची होती. जोशींनी रात्रभर व्हिडिओ पाहिले होते.

"डिसोजा, पहिलं काम! मागचं बूच काढा. आतलं पाणी निघून जाईल."

काढलं. बोट अजून पाण्यातच आहे हे दोघा पदवीधरांच्या लक्षात आलं नाही! आतलं पाणी बाहेर येईना. बाहेरचंच आत निघालं. घाबरून मी बूच सोडलं, ते तळाला गेलं.

"डॅडी! यू पुल्ड द प्लग?" काठावरून रिया ओरडली. आमची लेक. आईच्या मातीला ती रडली नव्हती, त्यानंतर हसलीही नव्हती.

मी भोकात अंगठा घातला.

"शाब्बास! आता हलू नका!" जोशी म्हणाले, "यल्ला, मी लगेच ट्रेलर आणतो!" आणि त्यांनी जीपची मागची चाकं वाळूत रुतवली. खलास!

तेवढ्यात आत साचलेल्या पाण्यावर काहीतरी तरंगत वर आलं आणि वाऱ्याने बोटीच्या काठावरून घरंगळून समुद्रात पडलं. मार्थाची गवती टोपी. बोटीतलं तिचं काही आवरायला रियाचा नि माझा हात झाला नव्हता. टोपी लाटेबरोबर निघाली.

मी अंगठा काढला.

"डिसोजा, बोट!" जोशी किंचाळले.

बोट गेली खड्ड्यात! मी धडपडत, नाकातोंडात पाणी घेत टोपी धरली. मागे वळलो तर बोट शांतपणे तळावर टेकली होती, नुसती डोलकाठी उभी. टोपी छातीशी धरून मी ठसकत होतो.

रिया हसायला लागली. हसता हसता खाली बसली आणि मग रडली, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी. मी ओल्या कपड्यांनी शेजारी बसलो. जोशी शहाणे, चाकाखालची वाळू उकरत राहिले.

संध्याकाळी चारपाच लोकांनी बोट ओढून काढली. सनदपर्यंत ती रस्ताभर गळत गेली.

"नेक्स्ट विंटर वी टेक हर सेलिंग," रिया म्हणाली. "तुम्ही आणि मी." शेवटचं चक्क मराठीत!

म्हणून हल्ली मी पोहण्याच्या क्लासला जातो. माझ्या बॅचला सगळी पाच-सहा वर्षांची पोरं आहेत. गेल्या आठवड्यात ती खोल पाण्यात गेली. मला अजून नाक धरायला शिकवताहेत!