ताकाराझुकाची केइको आणि आमच्या नाटकातले बाबा

नाटकाच्या तालमीत नाटक कमी आणि किस्से जास्त तयार होतात. नाटक एका संध्याकाळी संपतं. किस्से मात्र उरलेल्या आमटीसारखे मुरत जातात, आणि पुन्हा गरम केले की आधीपेक्षा चवदार लागतात! आमच्या ऑकलंडच्या नाटकवाल्या ग्रुपचे तर इतके साठलेत की कुणाकडे जेवायला गेलं की हात धुवायच्या आत फर्माईश येते, "ऋता, ते केइकोचं सांग ना!"

तर केइको-सान. ईस्ट टामाकीच्या आमच्या फॅक्टरीत ती आणि मी एकाच लॅबमध्ये आहोत. पन्नाशीची, शांत, डब्यातला भातसुद्धा नीट चौकोनी. गाव ताकाराझुका, जपानमधलं, ओसाकाच्या जवळ. एका दुपारी डबा खाताना मी सहज विचारलं, "गावात बघण्यासारखं काय?"

"सकाळी सगळे बाबा ट्रेनने ओसाकाला नाहीतर कोबेला जातात," ती म्हणाली. "संध्याकाळी परत येतात. मधल्या वेळात डोंगर, नदी, गरम पाण्याचे झरे आणि थिएटर."

थिएटर म्हणजे साधंसुधं नाही. नदीकाठी भलंमोठं, आणि त्यात सगळी कामं बायकाच करतात. राजा बाई, डाकू बाई, प्रियकरसुद्धा बाई! सबंध देशातून लोक बघायला येतात.

मी म्हटलं, "आमच्याकडे उलटं होतं. संगीत नाटकात पुरुष शालू नेसून नायिका व्हायचे."

"मग नायक?"

"तेही पुरुषच."

"मग बायका काय करायच्या?"

"बघायच्या."

केइको फक्त "आं" म्हणाली. तो "आं" मला आठवडाभर टोचत होता.

*

त्याच महिन्यात आमच्या नाटकातले बाबा ब्रिस्बेनला पळाले! म्हणजे समीर. न्यूझीलंडमध्ये माणूस एकतर नुकताच आलेला असतो, नाहीतर ऑस्ट्रेलियाला निघालेला असतो. नाटक मी लिहिलेलं: कामावरून दमून आलेला बाप आणि त्याला काहीतरी सांगायची वाट बघणारी मुलगी, एवढीच एक संध्याकाळ. हॉल बुक झालेला, आणि बाप गायब.

ग्रुपमधल्या प्रत्येक पुरुषाला विचारलं. एकाचं शनिवारी क्रिकेट, एकाचं रविवारी लॉन कापणं, एकाची पाठ. मला असल्या वेळी धीर धरवत नाही. मी ओरडलेच, "नको कुणी! बाबा बाई करेल! ताकाराझुकात राजे करतात, इथे एक साधा बाप जमणार नाही?"

मग मागून आवाज आला, "मी करते."

वैशालीताई! इतकी वर्षं आमच्याकडे प्रॉम्प्टिंग आणि चहा सांभाळणारी. दिवसभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करणार, संध्याकाळी तालमीला येणार, आणि कधी स्टेजवर म्हणून पाऊल टाकणार नाही.

तिचा नवरा मिलिंददादा पेनरोजला एका डेपोत इंजिनिअर आहे. त्याने ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "मिशी लावून? माझ्या कामावरची माणसं येतात तिथे. मी येणार नाही."

मी तावातावाने म्हटलं, "नको येऊ दे! त्याच्यावाचून अडलंय का?"

वैशालीताई गाडीची किल्ली फिरवता फिरवता थांबली. "अख्खा हॉल रिकामा राहिला तरी चालेल गं मला. पण त्याने यायला हवं. लग्न झाल्यापासून त्याने मला स्वयंपाकाशिवाय दुसरं काही करताना नीट बघितलेलंच नाही."



*

केइकोला तालमीला घेऊन आले. "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करून ती सगळ्यांना वाकली, एका कोपऱ्यात बसली. वैशालीताईने छाती फुगवली, आवाज खर्जात नेला, दाण दाण पावलं टाकत एंट्री घेतली.

"हा कोण?" केइकोने विचारलं.

"बाबा."

"नाही. हा पुतळा आहे."

मग ती तिच्या गावाबद्दल बोलली. पुरुषांची कामं करणाऱ्या बायका वर्षानुवर्षं फक्त बसणं, उठणं, टोपी काढणं शिकतात. शिस्त इतकी की तिच्या आईच्या काळात शिकाऊ मुली सीनियर बसलेल्या ट्रेनलासुद्धा वाकून नमस्कार करायच्या! ट्रेनला! मला ते जरा अतीच वाटलं, केइकोलाही वाटतं. पण मेहनत म्हणजे मेहनत.

"सगळे पुरुष करू नका," ती म्हणाली. "एक निवडा. त्याला बघा." आणि मग हळूच, "तिथे मात्र लग्न झालं की स्टेज सोडावं लागतं."

"अगं बाई!" वैशालीताई म्हणाली. "आमच्याकडे पुरुषाचा अभ्यासच लग्नानंतर सुरू होतो!"

केइकोला मी भाषांतर करून सांगितलं. ती तोंडावर हात ठेवून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

*

अभ्यासाला मिलिंददादाच निवडला गेला, हे सांगायला नकोच. वैशालीताई रोज संध्याकाळी दाराशी उभी. तो घरी आला की डोळे त्याच्यावर. सोफ्यावर बसला, डोळे त्याच्यावर. जेवताना, टीव्ही बघताना, तेच.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने डिश खाली ठेवली. "वैशाली, खरं सांग. माझे ब्लडचे रिपोर्ट तुझ्याकडे आलेत का?"

*

तालमी रंगल्यावर केइको सगळ्यांना ऑकलंडबाहेरच्या गरम पाण्याच्या पूलवर घेऊन गेली. तिच्या मते, स्टेजवर जाणाऱ्या माणसाचे खांदे आधी सैल व्हायला हवेत. आम्ही टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून धबाधब उड्या मारल्या. केइको कुठाय? ती बाहेर शॉवरखाली, साबण लावून अंग घासतेय. घासतेय, घासतेय!

"अहो, पाण्यातच तर यायचंय!"

"पाण्यात मळ घेऊन यायचं नसतं," ती म्हणाली, आणि आम्ही सगळे एकेक करून बाहेर निघालो, शॉवरच्या रांगेत. वैशालीताई म्हणाली, "वज्रेश्वरीला कुंडात उतरताना माझी आई हेच सांगायची. तेव्हा नाही ऐकलं."

मग गळ्यापर्यंत पाण्यात बसून तालीम. वाफेत, डोळे मिटून वैशालीताई बापाचा संताप करतेय: "मी दिवसभर कुणासाठी मरतो?" समोर मुलीचं काम करणारी मी हुंदके देतेय. शेजारची एक पाकेहा, म्हणजे इथली गोरी, आजी आमच्याकडे बघत बघत जवळ सरकली आणि माझ्या कानात म्हणाली, "डार्लिंग, तुला माझ्या घरी यायचंय का?"

*

ताकाराझुकाच्या प्रेक्षकांबद्दल ऐकलं आणि मला आपल्या लोकांचा फार राग आला. तिथे कलाकार बाहेर पडताना चाहते शांतपणे ओळीत थांबतात. आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही. पत्र द्यायचं, बस. आणि आपण? सहाचं नाटक म्हटलं की सहाला घरून निघणार, सामोशाचा वास घेऊन आत येणार, आणि "कुठपर्यंत आलं?" म्हणून पुढच्याला विचारणार!

मी जाहीर केलं, "सहा वाजता दार बंद." दारावर केइकोला उभं केलं.

सहा वाजून गेल्यावर आमच्या मंडळाचे अध्यक्षकाका आले. केइको वाकली. काकाही वाकले. ती आणखी खाली वाकली. काकांची पंचाईत, ते आणखी खाली वाकले. पहिला प्रवेश संपल्यावर दार उघडलं तेव्हा काका कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बाईने एकदाही नाही म्हटलं नाही! पण आत काही जाऊ देईना!"

*

आणि त्या प्रयोगाला मिलिंददादा आला होता. शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची, अंगात जॅकेट तसंच.

वैशालीताईची एंट्री. दाण दाण नाही, काही नाही. किल्ली टेबलावर. एका बुटाच्या टोकाने दुसऱ्या बुटाची टाच दाबली, बूट निघाला, कोपऱ्यात उडाला. मग दुसरा. सोफ्याच्या कडेला बसून तिने फोन काढला. मी म्हटलं, "बाबा, ऐका ना."

"हं."

हॉलमधल्या बायकांनी एकदम आपापल्या नवऱ्यांकडे बघितलं! आणि तेवढ्यात वैशालीताईच्याच नऊ वर्षांच्या लेकीचा, ताराचा, आवाज घुमला, "ओ माय गॉश, दॅट्स डॅड!"

हॉल कोसळला. टाळ्या, शिट्ट्या. मला स्टेजवरून मागचं दार दिसत होतं. मिलिंददादा उठला आणि बाहेर गेला.

वैशालीताईलाही दिसलं. तिने पुढचं वाक्य घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं, आणि नाटक शेवटपर्यंत नेलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि ती दाराकडे बघत होती.

*

दुसरा प्रयोग हॅमिल्टनला. सेट फक्त मिलिंददादाच्या व्हॅनमध्ये मावतो, म्हणून तो आला. वाटेतले बॉम्बे हिल्स उतरलो, हंटली गाव मागे गेलं, त्याने डोळे रस्त्यावरून काढले नाहीत. सोफा उतरवला आणि म्हणाला, "मी व्हॅनमध्ये थांबतो."

दुसरी घंटा झाली. मेकअप रूममध्ये वैशालीताई मिशी चिकटवून बसलेली, केइको तिच्या कॉलरची घडी नीट करत होती. दारावर टकटक. मिलिंददादा आत आला. कुणाकडे न बघता सरळ वैशालीताईसमोर गुडघ्यावर बसला.

"हे चुकतंय," तो म्हणाला.

"काय?"

"तू उजवा बूट आधी काढतेस. मी डावा काढतो."

त्याने तिचा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेतला आणि लेस सोडली. "आणि एवढी घट्ट बांधलीस तर टाच कशी निघेल? मी सैलच ठेवतो. आल्यावर वाकायचं त्राण नसतं."

तिसरी घंटा झाली. त्याने दोन्ही बुटांच्या लेस पुन्हा बांधल्या, सैल.

"आणि ते 'हं'," मान खाली घालूनच तो म्हणाला, "इतकं कोरडं नसतं माझं."

वैशालीताई म्हणाली, "असतं."

त्याने तिचा पाय हळूच खाली ठेवला.

"मग राहू दे तसंच."