बापाने स्वतःविरुद्ध व्हय म्हाराजा म्हटलं

देवळाच्या मंडपात माझा बाप हात जोडून उभा होता आणि त्यालाच गावाबाहेर घालवायचं गाऱ्हाणं चाललं होतं.

आमच्याकडे जत्रेला गावकर, म्हणजे गावचा मानकरी, देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. एक एक मागणं सांगतो आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला म्हणतात, 'व्हय म्हाराजा.' दोन हजार आठ सालची जत्रा. मी दहावीत. पोराबाळांचं झालं, होड्यांचं झालं, आंब्याच्या मोहोराचं झालं. मग मुंबईहून आलेला गावकराचा पुतण्या त्याच्या कानाला लागला. गावकर जरा घुटमळला. मग म्हणाला,

"भायरसून इलेले हे चपट्या नाकाचे, आमच्या पोरांचा काम खातत, तेंका इल्या वाटेन परत धाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांबरोबर बापही म्हणाला. दरवर्षी म्हणायचा तसाच, खणखणीत.

आधी शेजारचे दोघे हसले. मग मंडपभर हशा पिकला. "बघा रे, बहादूर आपणच जातंय म्हणता." बापाने इकडे तिकडे बघितलं आणि तोही हसला. माराचं काही नसतं, मार विसरतो माणूस. ते हसणं मी विसरलेली नाही.

बापाला मी नेपाळीतलं 'बुवा'च म्हणायची. परत येताना मी विचारलं, "बुवा, तो काय बोललो ता कळला तुमका?"

"कळला."

"मग व्हय कशाक म्हटलास?"

"सगळे म्हणत होते गो."



देवगडच्या बाजूला, समुद्राला लागून आमचं गाव. नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार नाही. बाप नेपाळातून आला तो आंब्याच्या बागेत राखणदार म्हणून. राखण, फवारणी, कलमांना पाणी, सगळं तोच करायचा. त्याचं नाव धनबीर. गावात ते कुणालाच ठाऊक नाही. नेपाळी माणूस दिसला की तो बहादूर, संपला विषय. मी जन्मले ती इथल्याच सरकारी दवाखान्यात. आई माझ्याशी नेपाळीत बोलायची आणि मी मालवणीत उत्तर द्यायची. बापाचा डोंगर मी बघितलेलासुद्धा नाही. तरी शाळेत मी 'चिनी'. हजेरीत माझं नाव आलं की मागच्या बाकावरून कोणीतरी डोळे ताणून दाखवायचं. मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे.

वर्गात माझी म्हणावी अशी एकच, सुलभा. तिचे वडील दुसऱ्याच्या होडीवर जायचे. भाऊ बाबलो बारावी नापास, बंदरावर बसून असायचा. त्या वर्षी पुतण्याने पोरांची संघटना काढली. बाबलोला झेंडा मिळाला, टी-शर्ट मिळाला, कोणीतरी 'बाबलोशेठ' म्हणायला लागलं. आणि त्याला काम का नाही याचं उत्तरही मिळालं. ते उत्तर म्हणजे माझा बाप. होड्यांवर नेपाळी खलाशी ठेवतात हे खरं, बाप कधी होडीवर गेला नव्हता, पण ते कोण विचारतो?

जत्रेनंतर सुलभा दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मी पाणी प्यायला गेले तेव्हा हळूच म्हणाली, "तुझ्यावांगडा दिसलंय तर दादा मारतलो गो माका." मी म्हटलं, "बस थंयच." आणखी काय म्हणणार? त्या दिवसापासून मी शाळेत कुणाशी बोलले नाही. बोलायला कोणी उरलंच नव्हतं. डबा खाताना आपल्याच चावण्याचा आवाज ऐकू येतो, हे मला त्या वर्षी कळलं.

मग एका दुपारी पोरं बागेत आली. मोटारसायकली, झेंडे, पुढे पुतण्या. बाप झाडावर फवारत होता. त्याला खाली बोलावलं. हाताला औषध लागलेलं, तसाच उतरला.

"सलाम मार," पुतण्या म्हणाला.

बापाने मारला.

"महिनाअखेर इथे दिसायचं नाही. कळलं?"

"जी."

मी बागेतल्या आमच्या खोपीच्या दारात पुस्तक घेऊन बसलेली. पुतण्याने माझ्याकडे बोट केलं. बाबलो म्हणाला, "ह्या माझ्या भयणीच्या वर्गात आसा." पुतण्याने शहरी मराठीत विचारलं, "काय गं, मराठी येतं का तुला?"

मी म्हटलं, "हयच जन्माक इलंय. मार्चात धाव्वीची परीक्षा आसा माझी. खंय जाव मी?"

पोरं खूश झाली. कौतुकाने हसायला लागली. "आयला, ह्या तर आपल्यासारख्याच बोलता रे." पुतण्या म्हणाला, "ही राहू दे. ही आपली आहे. बापाला तेवढं घालवा."

मला बरं वाटलं. खरंच वाटलं. इतक्या दिवसांनी कोणीतरी मला आपली म्हणालं होतं.

मग मी बापाकडे बघितलं. त्याचा हात अजून कपाळाला होता. खाली घे म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. औषधाचा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत आलेला. डोक्यात तिडीक गेली माझ्या. पास झाले होते म्हणे मी, आणि बक्षीस काय, तर बाप सोडायचा. थू त्या बक्षिसावर.

मी उठले, बापाचा हात धरला आणि जन्मात पहिल्यांदा चारचौघांत नेपाळीत बोलले. "बुवा, हात तल गर्नुस्." हात खाली घ्या, एवढंच. हात जड होता, चटकन खाली येईना. मी ओढून खाली आणला.

"काय बोलली रे ही?" पुतण्याने विचारलं. कुणालाच कळलं नव्हतं. मी सांगितलं नाही. माझं तोंड बघून बाबलोने मान खाली घातली. मी बापाला खोपीत नेलं आणि दार लावलं. बाहेर शिव्या चालल्या होत्या, त्या मालवणीतच होत्या, सगळ्या समजल्या. बाप म्हणाला, "कशाक बोललंस? तुका रव म्हणालेले." मी म्हटलं, "तुमका वगळून माका रवाचा नाय."

आम्ही गेलो नाही. कुणाच्या माणुसकीमुळे नव्हे. बागेचा मालक म्हणाला, "धाडलो असतंय, पण मोहोर इलोहा. औषध कोण मारतलो?" मालक संघटनेला वर्गणी द्यायचा, म्हणून पोरं गप्प बसली. बापाला ताकीद मिळाली, बाजारात दिसायचं नाही. तो दिसला नाही. देवळातही परत गेला नाही. मी परीक्षेला एकटी गेले, एकटी आले. पास झाले तेव्हा पेढे आम्ही तिघांनीच खाल्ले.

पुढच्या वर्षी त्या पोरांनी हायवेवर एका परप्रांतीय कामगाराचं डोकं फोडलं. पुतण्या मुंबईला निघून गेला. केस बाबलोवर राहिली. सुलभाची आई माशाची पाटी खाली ठेवून कोर्टाच्या तारखांना जाऊ लागली. मला तिची दया येते. बाबलोची येत नाही.

आजही कोणी कौतुकाने म्हणतं, "किती छान मालवणी बोलता, अगदी आमच्यातल्या वाटता." पूर्वी मी हसायची. आता विचारते, "माझो बाप वाटता काय तुमच्यातलो?" माणूस घड्याळ बघतो.

मी इथे राहणार. माझ्या बापासकट राहणार, त्याच्या नाकासकट, त्याच्या मोडक्या बोलीसकट. या गावाची आहे हे मी कुणाला बोलून दाखवणार नाही, सिद्ध करणार नाही, त्यासाठी परीक्षा देणार नाही. ज्याला घालवायचं असेल त्याने आम्हाला एकत्रच घालवायला यावं. मी दारात उभी असेन.